डेसिल ग्लुकोसाइड आणि त्याची भावंडं: क्लेन्झर खरोखर सौम्य करायचा तर

जलरेखा (धागाकर्ती)

डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, लॉरिल ग्लुकोसाइड ही नावं सल्फेटविरहित फेसवॉश आणि शांपूंच्या घटकयादीत हमखास दिसतात. स्वतः क्लेन्झर बनवणारी माणसंही सुरुवात बहुधा यातल्याच एकापासून करतात. पुढच्या तक्रारीही ठरलेल्या असतात: चेहरा ओढल्यासारखा होतो, केस राठ होतात, जेल पाण्यासारखं पातळ राहतं, पंधरा दिवसांत वास येतो. चारही तक्रारींच्या मुळाशी बहुतेकदा एकच गृहीतक असतं, की डब्यातून आलेला माल आधीच सौम्य आहे. तो सौम्य करून घ्यावा लागतो. कसा, ते या धाग्यात एकत्र करूया.

आधी हे आहे काय ते पाहू. मका, गहू किंवा बटाट्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज मिळतं, खोबरेल किंवा पाम कर्नल तेलापासून फॅटी अल्कोहोल. आम्लाच्या मदतीने दोन्ही जोडले की ग्लुकोसाइड तयार होतं आणि पाण्याचा रेणू बाहेर पडतो. ही रीत एमिल फिशर यांनी १८९३ मध्ये दाखवली होती, पण क्लेन्झरसाठी मोठ्या प्रमाणावर उत्पादन १९९० च्या दशकात उभं राहिलं. रेणूचं डोकं साखरेचं आणि शेपूट तेलाचं. डोक्यावर विद्युतभार नाही, म्हणून हा नॉनआयॉनिक (भाररहित) सर्फॅक्टंट, म्हणजे मळ-तेल पाण्यात सोडवणारा घटक. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणासारखी पांढरी साय धरत नाही, आणि त्वचेतल्या प्रथिनांना सोडियम लॉरिल सल्फेटपेक्षा बराच कमी चिकटतो. त्याचा मऊपणा इथून येतो.

भावंडांतला फरक शेपटीच्या लांबीचा. कॅप्रिलिल/कॅप्रिल ग्लुकोसाइड (८ ते १० कार्बन) पातळ असतं, फेस कमी देतं, पण सुगंधी तेल पाण्यात विरघळवायला उत्तम. डेसिल ग्लुकोसाइडचा फेस पटकन येतो, बुडबुडे मोठे आणि मोकळे असतात. लॉरिल ग्लुकोसाइड (मुख्यतः १२ ते १४ कार्बन) घट्ट असतं, त्याचा फेस सावकाश येतो पण दाट आणि टिकाऊ असतो. कोको ग्लुकोसाइड या दोघांच्या मधलं.

आता मुख्य मुद्दा. डेसिल ग्लुकोसाइड बहुतेक वेळा प्रिझर्व्हेटिव्ह न घालता विकतात, आणि जंतू वाढू नयेत म्हणून त्याचा पीएच ११.५ ते १२.५ ठेवलेला असतो. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ४.५ ते ५.५. कच्चा माल पाण्यात नुसता मिसळला तर पातळ केल्यावरही पीएच ९-१० च्या घरात सहज राहतो, म्हणजे साबणाइतका. अशा द्रावणाने चेहरा ओढला गेला तर दोष डेसिल ग्लुकोसाइडचा धरता येत नाही.

काही पुरवठादार पीएच आधीच ७ ते ९ पर्यंत उतरवून, प्रिझर्व्हेटिव्ह घालून देतात. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या कृतीतलं आम्लाचं प्रमाण जसंच्या तसं उचलू नका. आपल्या मालाची टेक्निकल डेटा शीट बघा आणि पीएच स्वतः मोजा.

डबा उघडल्यावर माल किंचित गढूळ दिसला तर बिघडलेला समजू नका. त्यात मॅग्नेशियमचे अंश राहिलेले असतात, आणि ते जास्त पीएचला विरघळत नाहीत. पीएच ९ च्या खाली आला की द्रावण स्वच्छ होतं. आम्लाचे थेंब पडताना हे डोळ्यांसमोर घडतं. भांड्यामागची अक्षरं आधी धूसर दिसतात आणि एका टप्प्यावर अचानक वाचता येऊ लागतात.

कच्चा माल हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. पीएच १२ चा थेंब डोळ्यात गेला तर इजा होते, मग लेबलवर 'वनस्पतीजन्य' असं कितीही ठळक लिहिलेलं असो.

मोजपट्टी

चांगला धागा. पीएचच्या बरोबरीने जिथे चूक होते ती जागा म्हणजे सक्रिय भाग, म्हणजे पाणी वगळून उरणारा खरा सर्फॅक्टंट.

डेसिल ग्लुकोसाइडच्या बाटलीत निम्मं पाणी असतं. सक्रिय भाग साधारण ५० ते ५५ टक्के. कोकामिडोप्रोपिल बीटेन या सोबतीच्या सर्फॅक्टंटच्या द्रावणात तो ३० टक्क्यांच्या आसपास. 'क्लेन्झरमध्ये २० टक्के सर्फॅक्टंट घाला' असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न हा विचारायचा, की २० टक्के द्रावण की २० टक्के सक्रिय भाग? दोन्हींत जवळजवळ दुप्पट फरक आहे.

हिशोब सोपा आहे. १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम डेसिल ग्लुकोसाइड, सक्रिय भाग ५३ टक्के, म्हणजे ६.४ ग्रॅम. त्यात १० ग्रॅम बीटेन, सक्रिय भाग ३० टक्के, म्हणजे ३ ग्रॅम. एकूण ९.४ टक्के. रोज वापरायच्या फेसवॉशला ६ ते १० टक्के पुरतात, अंगासाठी १० ते १४, केसांसाठी १२ ते १६. कोरड्या किंवा चुरचुरणाऱ्या त्वचेसाठी ५-६ वर थांबा. फेस कमी दिसेल, पण घाण निघते. फेस आणि सफाई यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट नाही.

बीटेन कशासाठी? ग्लुकोसाइड एकटं असलं की धुतल्यावर त्वचेला एक करकरीत, रखरखीत स्पर्श उरतो. बीटेन किंवा सोडियम कोकोइल ग्लुटामेटसारखा सोबती दिला की दोघांचे मिश्र मायसेल (रेणूंचे सूक्ष्म पुंजके) बनतात, सुटे रेणू कमी उरतात, आणि त्वचेत शिरून त्रास देतात ते मुख्यतः हे सुटे रेणूच. म्हणून एकाच सर्फॅक्टंटच्या ९ टक्क्यांपेक्षा दोघांचे मिळून ९ टक्के जास्त सौम्य ठरतात.

१०० ग्रॅम फेसवॉशचं माप, सगळं वजनाने:

पाणी (डिस्टिल्ड) ७०.९
ग्लिसरीन ४
झँथन गम (घट्ट करणारा, पारदर्शक प्रत) १
सोडियम बेंझोएट ०.४
पोटॅशियम सॉर्बेट ०.२
पँथेनॉल ०.५
डेसिल ग्लुकोसाइड १२
कोकामिडोप्रोपिल बीटेन १०
सायट्रिक आम्लाचं ५० टक्के द्रावण, १ ग्रॅमची जागा

शेवटच्या ओळीतला १ ग्रॅम म्हणजे फक्त राखून ठेवलेली जागा. प्रत्यक्षात अर्धा ग्रॅमही पुरू शकतं, ते तुमच्या मालावर अवलंबून. पीएच ५ ला आला की थांबा आणि उरलेली जागा पाण्याने भरून १०० ग्रॅम करा.

क्रम असा: दोन्ही प्रिझर्व्हेटिव्ह आणि पँथेनॉल पाण्यात पूर्ण विरघळवा. झँथन ग्लिसरीनमध्ये कालवून त्या पाण्यात घाला आणि फुगू द्या. मग बीटेन, मग ग्लुकोसाइड, चमच्याने हलक्या हाताने. आम्ल सर्वांत शेवटी. गरम करायची गरज नाही. मिक्सर किंवा बीटर फक्त झँथनच्या टप्प्यापर्यंतच. सर्फॅक्टंट पडल्यावर फिरवला तर भांडंभर फेस होतो आणि घट्ट जेलमध्ये अडकलेली हवा दोन दिवस निघत नाही.

नवखा_प्रयोग

माझं प्रमाण: डेसिल ग्लुकोसाइड ३० ग्रॅम, कोरफडीचं बाजारी जेल २० ग्रॅम, पाणी ५० ग्रॅम. घट्ट व्हावं म्हणून २ ग्रॅम मीठ, नंतर आणखी २. तरी पाण्यासारखं पातळ. आम्ल घातलेलं नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, कारण जेलमध्ये आधीच असेल असं वाटलं. धुतल्यावर गाल ओढतात. नेमकं काय चुकलं?

मोजपट्टी

@नवखा_प्रयोग, एकेक घेऊ.

३० ग्रॅम म्हणजे जवळजवळ १६ टक्के सक्रिय भाग, तोही एकट्या ग्लुकोसाइडचा. चेहऱ्यासाठी फार झाला. आम्ल नाही, म्हणजे पीएच ९ च्या वर असणार. ओढल्यासारखं वाटायला यातलं एकेक कारणही पुरेसं आहे.

मिठाचं म्हणाल तर ते सोडियम लॉरेथ सल्फेटसारख्या ऋणभारित सर्फॅक्टंटला घट्ट करतं. तिथे मायसेलच्या पृष्ठभागावरचे भार एकमेकांना ढकलत असतात. मीठ ते ढकलणं कमी करतं, मग मायसेल लांब दोऱ्यांसारखे वाढून एकमेकांत गुंततात. ग्लुकोसाइडच्या डोक्यावर भारच नाही, तेव्हा मिठाला करण्यासारखं काही उरत नाही. ४ ग्रॅम मिठाने फक्त चुरचुर वाढते.

जेलमधल्या प्रिझर्व्हेटिव्हचं गणितही जमत नाही. ते २० ग्रॅम जेलसाठी मोजलेलं असतं. १०० ग्रॅममध्ये पसरलं की पाचवा हिस्सा उरतो. शिवाय सर्फॅक्टंटचे मायसेल काही प्रिझर्व्हेटिव्ह आपल्या पोटात ओढून घेतात, जंतूंच्या वाट्याला येणारं प्रमाण आणखी घटतं.

घुसळण

घट्टपणावर थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त नमुने इथेच वाया जातात.

झँथन थेट पाण्यात टाकला की प्रत्येक कणाभोवती ओला पापुद्रा धरतो आणि आतला भाग कोरडा राहतो. काचेच्या मण्यांसारख्या गाठी दिसतात आणि कितीही ढवळा, फुटत नाहीत. त्यावर उपाय ग्लिसरीनचा. एक भाग झँथन, चार भाग ग्लिसरीन, गुळगुळीत कालवा. ग्लिसरीनमध्ये तो फुगत नाही, नुसता सुटा होतो. मग पाण्यात ओतून ढवळायचं आणि वीस ते तीस मिनिटं शांत ठेवायचं. बोटावर घेऊन दोन बोटांत चोळा. कण लागले तर अजून थांबा.

०.८ टक्क्याला ओघळणारं जेल, १ ला पंपातून नीट येणारं, १.५ ला घट्ट आणि थोडं शेंबडासारखं तार धरणारं. तो तार न आवडणाऱ्यांनी झँथन ०.६ वर आणून ०.५ टक्का हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज जोडावा, स्पर्श बराच सुधारतो. पारदर्शक जेल हवं असेल तर पारदर्शक प्रतीचाच झँथन घ्या. साध्या प्रतीचं जेल ढगाळच राहतं, त्याला पीएच जबाबदार नसतो.

कार्बोमर या घट्ट करणाऱ्या पॉलिमरच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. तो पीएच ६ च्या वर चांगला घट्ट होतो, आपल्याला थांबायचंय ५ ला, आणि बीटेनच्या द्रावणात मीठ असतं ते त्याला पातळ करतं.

कोको ग्लुकोसाइड आणि ग्लिसरिल ओलिएट एकत्र केलेला तयार घटक मिळतो. तो २-३ टक्के घातला की त्वचेवर मऊपणा राहतो आणि ऋणभारित सर्फॅक्टंट सोबत असेल तर थोडा घट्टपणाही येतो. पण यात तेलकट भाग असल्यामुळे फेस थोडा बसतो.

आणखी एक वाट म्हणजे घट्ट करायचंच नाही. फेस काढणाऱ्या पंपाच्या बाटलीत पातळ द्रावणच लागतं. सक्रिय भाग ६ ते ८ टक्के, झँथन शून्य. पंपाच्या जाळीतून डेसिल ग्लुकोसाइडचा फेस सुरेख निघतो आणि घट्टपणाची सगळी कटकट वाचते. झँथन घातलेलं द्रावण या पंपात भरू नका, जाळी तुंबते.

लाजाळू

डेसिल ग्लुकोसाइडची अ‍ॅलर्जी येते का? 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' लिहिलेल्या क्लेन्झरमध्येही ते असतं म्हणून विचारतेय.

त्वचा_नोंद

येते. सरसकट नाही, पण नोंद घ्यावी इतकी येते. अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१७ साठी 'अ‍ॅलर्जेन ऑफ द इयर' म्हणून अल्किल ग्लुकोसाइड हा वर्गच निवडला होता. वापर वाढत गेला तशा पॅच टेस्टमध्ये (त्वचेवर पट्टीखाली पदार्थ लावून केलेल्या तपासणीत) प्रतिक्रियाही दिसू लागल्या. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू या तज्ज्ञ समितीने डेसिल ग्लुकोसाइड आणि त्याच्या वर्गाबद्दल निष्कर्ष दिला होता, की त्वचेला न चुरचुरेल अशा पद्धतीने बनवलेल्या उत्पादनात ते सुरक्षित आहेत. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. चुरचुर होणं आणि अ‍ॅलर्जी होणं या वेगळ्या प्रक्रिया आहेत. पहिली पीएच आणि प्रमाण सुधारून टाळता येते. दुसरी एकदा जडली की थोड्या प्रमाणालाही उठते.

ओळखायचं कसं? धुतल्याबरोबर ओढ आणि आग, आणि अर्ध्या तासात शांत, असं असेल तर बहुधा चुरचुर. एक-दोन दिवसांनी खाज, लाली, बारीक पुरळ, आणि तेही वापरलेल्या जागी, पापण्यांवर किंवा केसांच्या कडेला, असं असेल तर अ‍ॅलर्जीचा विचार करून त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. घरी कोपराच्या आत लावून बघणं ठीक आहे, पण क्लेन्झर धुऊन टाकायचा पदार्थ आहे. तो न पातळ करता पट्टीखाली दोन दिवस दाबून ठेवला तर निरोगी त्वचाही लाल होईल आणि निष्कर्ष चुकेल.

ज्यांना ही अ‍ॅलर्जी निश्चित झालीय त्यांनी फक्त क्लेन्झर बदलून भागत नाही. एका ग्लुकोसाइडला प्रतिक्रिया देणारी त्वचा लॉरिल, कोको यांनाही देऊ शकते. सेटिअरिल ग्लुकोसाइड हा क्रीममधला इमल्सिफायरही (तेल-पाणी एकत्र धरणारा घटक) याच वर्गातला. आणि सनस्क्रीनमध्ये मेथिलीन बिस-बेंझोट्रायझोलिल टेट्रामेथिलब्युटिलफिनॉल हा अतिनील किरण अडवणारा फिल्टर असेल तर तो पाण्यात पसरवायला बहुधा डेसिल ग्लुकोसाइडच वापरलेलं असतं. चेहऱ्यावर दिवसभर राहणाऱ्या पदार्थातून त्वचेचा संपर्क क्लेन्झरपेक्षा जास्त येतो, आणि शोध बऱ्याचदा तिथेच चुकतो.

लहान मुलांच्या क्लेन्झरबद्दलही एक सांगून ठेवते: सौम्य म्हणजे डोळ्यांना न झोंबणारा, असं आपोआप होत नाही. पीएच ५ च्या फेसवॉशमधलं ग्लुकोसाइडही डोळ्यात गेलं तर झोंबतं.

कुंतल

आता केसांकडे. फेसवॉशचं प्रमाण वाढवून शांपू होत नाही.

ग्लुकोसाइडवरच्या शांपूने केस गुंततात ही तक्रार खरी आहे. पीएच जास्त असेल तर केसांचे खवले उघडतात, घर्षण वाढतं. पण पीएच ५ ला आणूनही केस ओले असताना थोडे राठ लागतात, कारण ग्लुकोसाइड स्वच्छ धुतं आणि मागे काहीच ठेवत नाही. म्हणून धनभारित पॉलिमर घालतात: ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड किंवा पॉलिक्वाटर्नियम-१०, ०.२ ते ०.३ टक्के.

पण हा पॉलिमर केसावर बसण्यासाठी एक ऋणभारित सर्फॅक्टंट सोबत हवा. दोघांचं जाळं बाटलीत विरघळलेलं असतं. धुताना पाणी वाढलं की ते बाहेर पडून केसावर पातळ थर धरतं. नुसत्या ग्लुकोसाइड-बीटेनमध्ये हा परिणाम फार क्षीण असतो. म्हणून माझ्या मते शांपूत सोडियम कोकोइल ग्लुटामेट हवंच.

एक चालणारं प्रमाण: कोको ग्लुकोसाइड १० (५२ टक्के सक्रिय), बीटेन १५ (३० टक्के), ग्लुटामेटचं द्रावण १५ (२५ टक्के). सक्रिय भाग ५.२ अधिक ४.५ अधिक ३.७५, मिळून साडेतेराच्या जवळ.

दोन ठिकाणी अडकायला होतं. ग्वार आधी सगळ्या पाण्यात पसरवा, सायट्रिक द्रावणाचे एक-दोन थेंब टाका, मग तो फुगून पाणी दाट होतं. या ग्वारच्या बहुतेक प्रती किंचित आम्लातच नीट फुगतात. आधी ग्लुकोसाइड ओतलं तर पीएच वर जातो, ग्वार तसाच कोरडा राहतो आणि तळाशी बसतो. दुसरं म्हणजे झँथन इथे चालत नाही. झँथन ऋणभारित, ग्वार धनभारित, दोघे एकमेकांना धरतात आणि भांड्यात पांढरे धागे-चोथा दिसतो. शांपू घट्ट करायला भार नसलेला हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज १ टक्का घ्या, किंवा पेग-१२० मेथिल ग्लुकोज डायओलिएट १ ते २ टक्के, गरम पाण्यात विरघळवून.

ग्लुटामेट असेल तर पीएच ५ च्या खाली नेऊ नका, ते गढूळ होऊन बाहेर पडू लागतं. ५.३ ते ५.५ वर थांबा. आणि मग प्रिझर्व्हेटिव्ह बदलावं लागतं, त्याबद्दल जलरेखाताई सांगतील.

जलरेखा

सांगते. बेंझोएट आणि सॉर्बेट हे क्षार स्वतः जंतूंना फारसे रोखत नाहीत. त्यांचं आम्लरूप जंतूच्या पेशीत शिरतं आणि काम करतं. किती हिस्सा आम्लरूपात आहे हे पीएच ठरवतो. बेंझोइक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा हिस्सा आम्लरूपात असतो तो आकडा) ४.२. पीएच ४.५ ला त्याचा साधारण ३३ टक्के हिस्सा कामाचा असतो, ५ ला १४ टक्के, ५.५ ला ५ टक्के, ६ ला दोनहूनही कमी. सॉर्बिक आम्लाचा पीकेए ४.७६. ५ ला साधारण ३६ टक्के, ५.५ ला १५. म्हणजे 'बेंझोएट घातलं होतं, तरी बिघडलं' म्हणणाऱ्यांनी पीएच मोजला तर तो बहुतेकदा ६ च्या वर निघेल.

मोजपट्टींच्या फेसवॉशसाठी पीएच ४.८ ते ५ आणि ही जोडी ठीक आहे. कुंतल यांच्या ५.५ च्या शांपूला ती अपुरी. तिथे फिनॉक्सीएथेनॉल ०.९ टक्का आणि एथिलहेक्सिलग्लिसरीन ०.१ टक्का, कारण त्याची ताकद पीएचवर फारशी अवलंबून नाही. सोबत सोडियम फायटेट ०.१ ते ०.२ टक्के घातलं तर पाण्यातले धातूंचे अंश बांधले जातात आणि प्रिझर्व्हेटिव्हला मदत होते.

आम्ल घालायची रीत. ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल ५० ग्रॅम पाण्यात विरघळवून ठेवा. कोरडी पूड कधीच टाकू नका. तिच्याभोवती क्षणभर पीएच ३ च्या खाली जातो, बेंझोइक आम्लाचे पांढरे तुकडे सुटतात आणि ते परत विरघळायला फार वेळ लागतो. थेंब टाका, पूर्ण मिसळा, मोजा. सुरुवातीला आकडा हळू उतरतो. साधारण ९ ते ६.५ हा पट्टा दोन-चार थेंबांत झरकन निघून जातो, इथेच हात आखडता घ्यायचा. पुढे सायट्रेट आणि बेंझोएट स्वतःच पीएच धरून ठेवतात, म्हणून ५.५ वरून ५ वर यायला पुन्हा जास्त थेंब लागतात. चुकून ४ च्या खाली गेलात तर थोडं ग्लुकोसाइडच घाला, ते अल्कधर्मी आहे. खायचा सोडा टाकला तर वायू सुटतो आणि जेल बुडबुड्यांनी भरतं.

पट्टी वापरत असाल तर ४ ते ७ या अरुंद पट्ट्याची, अर्ध्या अंकाच्या टप्प्यांची घ्या. १ ते १४ ची पट्टी इथे निरुपयोगी. मीटर असेल तर त्याच दिवशी ४ आणि ७ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) जुळवून घ्या. घट्ट जेलमध्ये मीटरचा काचेचा गोळा सावकाश प्रतिसाद देतो, आकडा स्थिरावायला मिनिटभर द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, झँथनमध्ये आम्ल नीट पसरलं नसेल तर तेव्हा कळतं.

थंडगार

लॉरिल ग्लुकोसाइडचा डबा थंडीत पांढरा, डिंकासारखा घट्ट झालाय. वरचा पातळ भाग काढून वापरला तर चालेल?

घुसळण

नको. लांब शेपटीचे रेणू आधी गोठतात आणि खाली बसतात, वर राहतो तो आखूड शेपटीचा आणि पाण्याचा भाग. वरचं काढलंत तर सक्रिय भागाचं प्रमाण चुकतं, आणि उरलेला डबाही बिघडतो. पूर्ण डबा ४५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, तळापासून हलवून एकसारखा करा, मगच मोजा. थेट शेगडीवर ठेवू नका. इतक्या अल्कधर्मी मालात उरलेली साखर उष्णतेने पिवळी-तपकिरी पडते. कोको आणि डेसिललाही हेच लागू, फक्त ते इतके पटकन गोठत नाहीत.

लाजाळू

२ टक्के सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश याच पायावर बनेल का?

मोजपट्टी

सांभाळून. सॅलिसिलिक आम्ल पाण्यात जेमतेम ०.२ टक्का विरघळतं. अल्कधर्मी ग्लुकोसाइडमध्ये टाकलं की ते सॅलिसिलेट होऊन छान विरघळतं, द्रावण स्वच्छ दिसतं आणि काम झालं असं वाटतं. पीएच ४ पर्यंत उतरवला की त्यातलं काही परत आम्ल होतं. मायसेल थोडं धरून ठेवतात, उरलेलं थंडीत सुयांसारख्या स्फटिकांनी बाहेर येतं. ०.५ टक्का आणि पीएच ४ असं ठेवून, नमुना आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवून बघा. सुया दिसल्या नाहीत तरच पुढे.

पीएच ४ च्या बराच खाली दीर्घकाळ ठेवण्यासाठी ग्लुकोसाइड योग्य नाही. साखर आणि शेपटीचा जोड अल्कलीत पक्का असतो, तीव्र आम्लात हळूहळू तुटतो. तिथे दुसरा सर्फॅक्टंट घ्यावा.

नवखा_प्रयोग

माझ्या जुन्या मिश्रणाचा पीएच पट्टीवर ९ च्या वर आला. तीन आठवड्यांचं आहे. वास नाही. आता आम्ल, प्रिझर्व्हेटिव्ह आणि बीटेन घालून सुधारता येईल का?

जलरेखा

आजचं ताजं असतं तर 'हो' म्हटलं असतं. दुप्पट पातळ करून, बीटेन घालून, पीएच ५ करून चाललं असतं, मिठाची चुरचुर मात्र तशीच राहिली असती. तीन आठवडे प्रिझर्व्हेटिव्हशिवाय राहिलेलं, त्यात कोरफडीचं जेल म्हणजे जंतूंना खाद्यही. वास येण्याआधीच संख्या भरपूर वाढलेली असू शकते, आणि प्रिझर्व्हेटिव्ह आधीच माजलेली वाढ साफ करायला बनवलेलं नसतं. ओतून द्या. बाटली आणि पंपही बदला, पंपाच्या नळीत उरलेला थेंब नव्या नमुन्यात जातो.

नवा नमुना १०० ग्रॅमचाच करा. बाटलीवर तारीख, पहिल्या दिवसाचा पीएच आणि दुसऱ्या दिवसाचा पीएच लिहा, आणि दोन्ही आकडे इथे टाका. पुढचं त्यावरून बघू.